"ओळखलं का मला?" हे तेवढं विचारू नकोस

पत्र असं आहे:

"ताई, मी 22 वर्षांची आहे. गेले चार महिने दर रविवारी 4 ते 6 एका केअर होमच्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) विभागात व्हॉलंटियर म्हणून जाते. तिथल्या एका आजींशी माझी छान गट्टी जमलीय असं मला वाटत होतं. पण दर वेळी गेल्यावर 'आजी, ओळखलं का मला?' विचारलं की त्या म्हणतात 'नाही गं, कोण तू?' मागच्या महिन्यात त्या विचारायला लागल्या की माझी आई अजून कशी आली नाही. मी खरं सांगितलं की आजी, तुमची आई जाऊन खूप वर्षं झाली. त्या अशा रडल्या की जणू आत्ताच बातमी कळली. पुढच्या रविवारी परत तेच विचारलं तेव्हा मी घाबरून 'येतायत, वाटेत आहेत' म्हटलं, तर मी निघेपर्यंत त्या दाराशीच उभ्या. त्याच आठवड्यात एका आजोबांची व्हीलचेअर मी मागून ढकलायला गेले तर त्यांनी हातावर जोरात फटका मारला. मैत्रीण म्हणते तू त्यांच्या लक्षातही राहत नाहीस, मग कशाला जातेस? मलाही वाटायला लागलंय की मी हे फक्त स्वतःला बरं वाटावं म्हणून करतेय. सोडावंसं वाटतं आणि सोडायचा विचार आला की गिल्ट येतं. काय करू? – रविवारवाली"

अगं रविवारवाली, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून वाटलं पोरगी दमलीये, सरळ सांगून टाकावं की सोड. दुसऱ्यांदा वाचताना ती 4 ते 6 ची वेळ डोळ्यात भरली आणि म्हटलं थांबा, इथे अर्धा घोळ घड्याळाचा आहे. त्यावर येतेच, पण आधी ते "ओळखलं का" बंद करू.

आपल्याला सवयच असते ना, कुणी जुनं माणूस भेटलं की पहिलं वाक्य हेच, काय, ओळखलं का? आणि समोरचा ओळखत नसला तरी दोन मिनिटं "चेहरा बघितल्यासारखा वाटतोय" करत वेळ मारून नेतो. आजींना ती वेळ मारून नेता येत नाही. म्हणजे भेटीची सुरुवातच तू तोंडी परीक्षेने करतेस आणि त्या पहिल्याच प्रश्नाला नापास. त्यांना काय प्रश्न होता ते पाच मिनिटांत आठवणार नाही पण आपण कुठेतरी कमी पडलो, ही पोरगी हिरमुसली, एवढं मात्र बरोबर कळतं.

या आजाराची पहिली नोंद झालेली मुलाखतही प्रश्नांचीच आहे बघ. 1901 साली फ्रँकफर्टमध्ये अलॉइस अल्झायमर नावाचे डॉक्टर 51 वर्षांच्या ऑगुस्ट डेटर नावाच्या बाईंसमोर बसले आणि विचारायला लागले. तुमचं नाव? ऑगुस्ट. आडनाव? ऑगुस्ट. नवऱ्याचं नाव? ऑगुस्ट, बहुतेक. त्या कागदांचा पुढे कित्येक वर्षं पत्ता नव्हता, 1995 मध्ये ती फाइल सापडली, आणि त्यात बाईंचं एक वाक्य आहे, मी स्वतःला हरवून बसलेय. बाई 1906 मध्ये गेल्या, 1910 मध्ये आजाराला नाव पडलं ते डॉक्टरांचं. असो. सांगायचं काय तर डॉक्टरला विचारावंच लागतं, त्याचं ते काम आहे. तुझं नाहीये. तू गेलीस की समोर बस आणि स्वतःच सांगून टाक, "आजी, मी अमुक, दर रविवारी येते तुमच्याशी गप्पा मारायला." दर वेळी, पहिल्यांदाच भेटतोय अशा आवाजात. आधी जरा खोटं खोटं वाटतं पण पाचसहा रविवारांत सवय होते.

आता तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न. तो वाईट नाहीये, मलाही कुणीतरी विचारला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग असतो, नवीन घडलेलं टिपून घेण्याचं काम त्याचं, आणि अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीलाच मार बसतो तो या भागाला. (डिमेन्शिया हे मोठं नाव, अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, शंभरातले 60 ते 70 लोक त्याचे.) म्हणजे मागचा रविवार आजी विसरल्या हे म्हणणंही तसं बरोबर नाही, तो रविवार त्यांच्या वहीत उतरलाच नाही. लहानपणचं, तरुणपणचं लिहून झालेलं असतं, ते बरंच उशिरापर्यंत टिकतं. म्हणून त्यांना आई आठवते आणि तू आठवत नाहीस. यात तुझा काही अपमान नाहीये गं.

पण मनाला जे वाटतं त्याची वही वेगळी असावी. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक अभ्यास छापला होता, अल्झायमर असलेल्या 17 जणांना एकदा उदास करणाऱ्या आणि एकदा आनंदी करणाऱ्या क्लिप्स दाखवल्या. थोड्या वेळाने विचारलं तर काय बघितलं ते फारसं आठवेना, पण ती उदासी किंवा तो आनंद मात्र रेंगाळत राहिला होता. मी हे वाचलं तेव्हा मला एकदम आमच्या बाई आठवल्या.

बाई म्हणजे मी ज्या ठिकाणी जायचे तिथल्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना आजी म्हणायचे आणि त्या कुणाकडेच वळून बघायच्या नाहीत, सगळ्यांना वाटायचं ऐकू येत नाही. एक दिवस त्यांच्या भाचीने येऊन दारातूनच "बाई!" अशी हाक मारली आणि बाईंनी मान ताठ केली, चष्मा सरळ केला आणि म्हणाल्या, "काय आहे? जागेवर बस." त्या दिवसापासून मीही बाई म्हणायला लागले. माझं नाव त्यांना दोन वर्षांत एकदाही आलं नाही. पण मी जवळ गेले की मांडीवरचा रुमाल उचलून शेजारच्या खुर्चीवरून झटकायच्या, एकदा, दोनदा, आणि मग हाताने खूण, बस. नवीन कुणी आलं की असं करायच्या नाहीत, मी लक्ष ठेवून होते, आठ-दहा वेळा तरी बघितलं असेल. आता ही ओळख म्हणायची की नाही तू ठरव. मैत्रिणीला विचार.

तेव्हा "आजी" हे सुद्धा एकदा तपासून बघ. घरच्यांना किंवा तिथल्या नर्सला विचार त्यांना आयुष्यभर कोण काय म्हणायचं, काकू, वहिनी, मॅडम, अक्का, काय ते. आणि एक, अहो-जाहो सोडू नकोस. डिमेन्शिया झाला की लोक लगेच "चल चल शहाणी ना तू" वर येतात, गोड गोड आवाज काढतात, मला भयंकर राग येतो त्याचा. ज्या बाईंनी वर्गाच्या वर्ग गप्प बसवले त्यांना "बाळ" काय म्हणता? शब्द कळले नाहीत तरी आवाजातला तो लाडेलाडेपणा कळतो.

बरं, आईचं. तू खरं बोललीस तेही फसलं आणि खोटं बोललीस तेही फसलं, म्हणून तू अपराधी आहेस असं तुला वाटतंय. माझ्या मते दोन्ही वेळा चूक एकच झाली, तू वाक्याला उत्तर दिलंस. "माझी आई कशी आली नाही" हे ऐकायला चौकशीसारखं आहे पण ती चौकशी नसते बहुतेक वेळा. तुला काही दुखलंखुपलं, परक्या घरी रात्र झाली, भीती वाटली की तुझ्या तोंडातून काय येतं? आई गं. ऐंशीव्या वर्षीही तेच येतं. तेव्हा आधी बघायचं की आत्ता काय झालंय. थंडी वाजतेय का, बाथरूमला जायचंय का, टीव्ही फार मोठ्याने चाललाय का, कुणी शेजारी ओरडतंय का, कंटाळा आलाय का, की खरंच नुसती आठवण येतेय. निम्म्या वेळा तिथेच उत्तर सापडतं आणि आई मागे पडते.

आठवणच असेल तर आईबद्दल बोलायचं. इथे एक बारीक खाच आहे जी मला कुणी सांगितली नव्हती, मी ठेच लागून शिकले. मी एकदा बाईंना मोठ्या प्रेमाने विचारलं, "आईची आठवण येतेय का? कशा होत्या त्या?" आणि बाई (व्याकरण शिकवलेल्या!) माझ्याकडे बघत म्हणाल्या, "होत्या? होत्या म्हणजे?" संपलं. त्या "होत्या"मध्येच बातमी होती. आणि "कशा आहेत" म्हणावं तर आपण खोटं बोलतोय. पण आपल्या भाषेची गंमत अशी की क्रियापद गाळलं तरी चालतं. "आईचा स्वभाव कसा हो? कडक की मायाळू?" "आईचा आवाज गोड ना?" "आईच्या हातचं सगळ्यात आवडतं काय?" यात आहे नाही आणि होती नाही. "आईबद्दल सांगा ना काहीतरी" हेही चालतं. घरी आरशासमोर दोन-चार वाक्यं बोलून बघ, क्रियापद जिभेवर येतंच, सवयीने गळतं. मग त्या बोलतील त्यात "हो?" "मग?" एवढंच. तुला खोटं बोलावं लागणार नाही आणि त्यांना दर रविवारी नव्याने पोरकं व्हावं लागणार नाही.

आणि समजा त्यांनी थेट डोळ्यात बघून विचारलंच, "माझी आई गेली का?", तर? हा प्रश्न वेगळा आहे, यात त्यांना थोडं माहीत आहे. अशा वेळी मी खोटं बोलायच्या विरुद्ध आहे. हात हातात घेऊन हळू आवाजात हो म्हणायचं आणि तिथून हलायचं नाही. काही लोक म्हणतील कधीच सांगू नये, घरच्यांनी आणि स्टाफने काही ठरवलेलं असेल तर तेच पाळ, कारण रात्री त्यांना सांभाळणारे ते आहेत, तू 6 वाजता निघून जाणार. पण "आली नाही का" ला "मेली" हे उत्तर नसतं एवढं नक्की.

खोट्यावरून आठवलं, जर्मनीत ड्युसेलडॉर्फमधल्या एका वृद्धाश्रमाने दारासमोर एक बस स्टॉप उभा केला होता, खराखुरा बोर्ड, बाक, सगळं, फक्त बस येत नाही. घरी जायचंय म्हणून बाहेर पडणारे लोक त्या बाकावर जाऊन बसायचे. या बस स्टॉपवर भरपूर वाद झालेत, ही फसवणूक आहे का वगैरे. मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही. पण लोक फोटोतला बोर्ड बघतात आणि एक गोष्ट सोडून देतात, तिथे स्टाफमधलं कुणीतरी येऊन शेजारी बसायचं, बसला उशीर आहे, तोवर आत बसू या का, असं म्हणायचं, आणि तोपर्यंत घरी जायची घाई निवलेली असायची. काम त्या शेजारी बसण्याने व्हायचं. तू "वाटेत आहेत" म्हणालीस तेव्हा स्टॉप उभा केलास आणि आजींना तिथे एकटं ठेवलंस, म्हणून त्या दाराशी उभ्या राहिल्या. रागावत नाहीये, मी यापेक्षा मोठे घोळ घातलेत.

आता ते घड्याळ. डिमेन्शिया असलेल्या बऱ्याच लोकांना दुपार कलायला लागली की अस्वस्थ व्हायला होतं, येरझाऱ्या, घरी जायचंय, मुलं शाळेतून यायची वेळ झाली, आई कुठाय. डॉक्टर लोक त्याला सनडाउनिंग म्हणतात. आपल्याकडे शब्द केव्हाचाच आहे, कातरवेळ. धडधाकट माणसालाही त्या वेळी उगीच कसंतरी होतं, तर ज्यांचं आतलं घड्याळच बिघडलंय, दिवसभराचा थकवा आलाय, कमी उजेडात सावल्या भलत्याच दिसतायत, त्यांचं काय. त्यात साधारण त्याच सुमारास बहुतेक ठिकाणी ड्यूटी बदलते, माणसं पर्स, बॅग घेऊन निघताना दिसतात, म्हणजे सगळे घरी चाललेत आणि मी का नाही? आणि तू नेमकी 4 ते 6 जातेस आणि 6 ला बॅग खांद्याला लावून "आजी मी निघते हं" म्हणतेस. तर कोऑर्डिनेटरशी बोल आणि सकाळी 10 ते 11:30 ची वेळ मागून घे. महिनाभर कर आणि मग सांग आई किती वेळा विचारली जाते. पूर्ण थांबेल असं नाही म्हणत मी, पण तुला वेगळ्याच आजी भेटतील बहुतेक. सकाळी जमणारच नसेल तर निदान खोलीतले दिवे लवकर लावायला सांग, पडदे ओढून घे, आणि निघताना निरोपाचा सोहळा करू नकोस. हातात काहीतरी काम देऊन, नर्सला खूण करून, शांतपणे निघ. बॅग आधीच बाहेर ठेव.

आजोबांचा फटका. हात अजून दुखतोय का? दुखत असेल तर दाखव, आणि तिथल्या इन्चार्जला सांगितलंस का? सांगितलं नसशील असं मला वाटतंय कारण व्हॉलंटियर लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं आजोबांची चुगली होईल. सांगायचं. फटका मारला म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि ते बिनसलेलं शोधायला स्टाफला ही माहिती लागते. दुखणं असू शकतं जे त्यांना शब्दांत सांगता येत नाही. आणि एरवी शांत असलेलं माणूस एक-दोन दिवसांत एकदम बदललं, भलतंच बोलायला लागलं, चिडायला लागलं किंवा उलट एकदम गळून झोपूनच राहिलं, तर तो डिमेन्शिया वाढला असं धरून चालायचं नाही, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवीन औषध, काहीही असू शकतं आणि डॉक्टरनी त्याच दिवशी बघायला हवं. अशा एकदम झालेल्या बदलाला डिलिरियम म्हणतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाला हा बदल कधीकधी रोजच्या लोकांआधी दिसतो, म्हणून तोंड उघड.

पण तुझ्या बाबतीत मला वाटतं साधं कारण आहे, तू मागून गेलीस. या आजारात नजरेचा आवाकाही आकसत जातो, बाजूचं, मागचं कळत नाही, त्यात ऐकू कमी. तू डोळे मिटून बसलीयेस आणि कुणीतरी न बोलता तुझी खुर्ची हलवली तर तू काय करशील? तूही मारशील. समोरून जायचं, जरा अंतर ठेवून थांबायचं, नाव घेऊन हाक मारायची, मग जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला वाकायचं किंवा बसायचं. आणि विचारल्यावर थांब. खरंच थांब. मनात दहापर्यंत मोज. आपण दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, म्हणजे त्यांनी पहिला अर्धा उलगडला तेवढ्यात दुसरा अंगावर. हाताचं पण, वरून पकडू नकोस, आपला तळवा खाली ठेव आणि त्यांचा हात वर येऊ दे. टीपा स्नो नावाच्या एक अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, त्यांनी ही पद्धत जगभर शिकवलीये, वरून धरलेल्या हाताला ओढल्यासारखं वाटतं आणि खालून दिलेल्या हाताला आधारासारखं. करून बघ, फरक लगेच कळतो.

कुणी म्हणालं की त्या कोपऱ्यात लहान मुलं बसलीयेत, तर "कुठे काय" म्हणू नकोस. ल्यूई बॉडी नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात तर असं स्पष्ट दिसणं नेहमीचं आहे. त्रास देतायत का ती, एवढं विचार. नसतील देत तर बसू देत.

तू लिहिलं नाहीस की दोन तास नेमकं करतेस काय. माझा अंदाज गप्पा. दोन तास गप्पा फार होतात, तुलाही आणि त्यांनाही. हाताला काम हवं. हाताची आठवण डोक्याच्या आठवणीपेक्षा चिवट असते, सायकल चालवणं जसं विसरत नाही तसं. ज्यांना माझं नाव, वार, ऋतू काही सांगता यायचं नाही त्या बाई टॉवेलच्या घड्या अशा घालायच्या की काठाला काठ, मी घातलेली घडी मोडून परत घालायच्या आणि माझ्याकडे एक कटाक्ष. एक आजोबा होते, वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं, त्यांना मी मोठे नट-बोल्ट एका डब्यात मिसळून द्यायचे, ते आकाराप्रमाणे लावायचे, मग मी परत मिसळायचे. मला आधी वाईट वाटायचं की केलेलं काम मी मोडतेय, मग लक्षात आलं त्यांना पूर्ण करण्याची घाई नाहीये, घाई मला आहे. (तोंडात घालायची सवय असलेल्यांना बारीक वस्तू अजिबात द्यायच्या नाहीत, आधी विचारून घे.) गाणीही चालतात पण तुझ्या आवडीची नाही, त्या विशीत असतानाची. आठवणींचा सगळ्यात दाट पट्टा साधारण 10 ते 30 वयातला असतो, तर जन्मसाल विचार आणि हिशोब कर. आणि बॅकग्राउंडला लावून ठेवू नकोस, एक गाणं, ऐकायचं, बंद.

फोटो अल्बम घेऊन जाणार असशील तर माझ्यासारखं करू नकोस. मी उत्साहाने एका आजींच्या घरून अल्बम मागवला आणि बोट ठेवून विचारत सुटले, हा कोण, ही कोण. तिसऱ्या फोटोला त्यांनी अल्बम मिटला आणि उशीखाली घातला, नंतर कितीतरी दिवस कुणाला हात लावू दिला नाही. परत तीच तोंडी परीक्षा. फोटो दाखवायचा आणि आपण बोलायचं, "काय ऐट आहे या फोटोत!" पुढचं त्यांना बोलायचं तर बोलतील.

आणि माझा सगळ्यात मोठा घोळ, तो सांगते कारण तो तुझ्याकडून व्हायला नको. एका आजोबांनी पाणी मागितलं, मी ग्लास भरून ओठांना लावणार तेवढ्यात नर्सने मागून येऊन अक्षरशः हिसकावून घेतला. त्यांना गिळायचा त्रास होता, साधं पाणी फुप्फुसात जायची भीती, त्यांचं पाणी घट्ट करून चमच्याने द्यायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं. तर खायला-प्यायला काहीही, अगदी पाणीसुद्धा, विचारल्याशिवाय नाही. उचलणं, उठवणं, बाथरूमला नेणं, गोळ्या देणं, हे तुझं काम नाही, माणसं कमी आहेत म्हणून कुणी प्रेमाने सांगितलं तरी नाही म्हणायचं. व्हॉलंटियर म्हणजे फुकट मिळालेली आया नाही. चार महिन्यांत तुला कुणी बसवून एक तास तरी काही शिकवलं का? तुझ्या पत्रावरून तरी वाटत नाही. ही त्या जागेची चूक आहे, तुझी नाही, पण आता तू माग. कुणाला रिपोर्ट करायचं ते एक नाव आणि महिन्यातून एकदा त्या माणसाबरोबर पंधरा मिनिटं. तेवढंही देत नसतील तर दुसरी जागा शोध, जगात डिमेन्शियाचे साधारण 5 कोटी 70 लाख लोक आहेत आणि दर वर्षी जवळपास 1 कोटी नवीन, तुला काम कमी पडणार नाही.

स्वतःला बरं वाटावं म्हणून जातेस का? जात असशील. मग? ज्याला जाऊन वाईटच वाटतं ते माणूस तीन रविवारांत गळतं. मला यात काही पाप दिसत नाही, फक्त एकच कसोटी, कुणी बघणार नसेल, कुणाला सांगायचं नसेल तरी गेली असतीस का? आजींबरोबरचा सेल्फी स्टेटसला टाकला असशील तर काढून टाक. त्या फोटोला हो म्हणण्याइतकं त्यांना कळत नाही आणि त्यांच्या घरच्यांना ते पुढे कुठून तरी सापडतं तेव्हा फार लागतं.

सोडायचं का, तर आत्ता नको, आणि असं तर मुळीच नको. आधी वेळ बदल, दोन तासांचा दीड तास कर, परीक्षा असेल तर महिनाभर सुट्टी घे, पण सांगून घे. त्यानंतरही सकाळी उठल्यावर पोटात गोळा येत असेल तर सोड आणि गिल्टला घरी बसव. घरीच असलेल्या पेशंटच्या घरच्यांना बाहेर पडायला दोन तास हवे असतात तेव्हा त्यांच्या घरी जाऊन पेशंटजवळ बसणं हेही व्हॉलंटियरिंगच आहे, किंवा केअर होमच्या ऑफिसात कामं असतात. सगळ्यांना माणसांसमोर बसणं झेपतं असं नाही आणि झेपत नाही म्हणजे मन लहान असंही नाही.

अजून एक कटू गोष्ट, आत्ताच बोलून ठेव. कधीतरी एका रविवारी तू जाशील आणि पलंगावर नवीन चादर असेल. व्हॉलंटियरला कळवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मला बाईंचं असंच कळलं, सफाईवाल्या मावशींकडून, आणि मी तो रुमाल कुठे आहे म्हणून विचारत राहिले वेड्यासारखी. कोऑर्डिनेटरला सांगून ठेव की असं काही झालं तर मला फोन करा, आदल्या दिवशी, दारात नको.

आणि तुला फटका मारणाऱ्या त्या आजोबांना एका कानाने ऐकू येत नाही का ते नर्सला विचारून घे. येत नसेल तर कोणत्या, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला बस.